वीज आली, पण क्रॉसिंग गेलं नाही

प्रश्न डोंबिवलीत राहणाऱ्या एका कणकवलीकरांचा आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कोकण रेल्वेवर विजेची इंजिनं आली, वंदे भारत आली, स्टेशनांची तोंडं रंगवून झाली, तरी आमची गाडी आडरानातल्या एखाद्या स्टेशनात पाऊण पाऊण तास का ताटकळते? मार्ग दुहेरी कधी होणार? आणि ज्या स्टेशनात गाडी एवढा वेळ उभी राहते, तिथलं तिकीट का मिळत नाही?

मी स्टेशन मास्तर म्हणून लागलो आणि पुढे बरीच वर्षं कंट्रोलरच्या खुर्चीत काढली. म्हणजे तुमच्या त्या पाऊण तासांपैकी काही माझ्याच हातून गेलेले असणार. गाडी इंजिनामुळे उभी राहत नव्हती, म्हणून इंजिन बदललं तरी ती उभी राहायची थांबली नाही. ती समोरून येणाऱ्या गाडीसाठी उभी असते. दोन गाड्यांनी असं एकमेकींना ओलांडणं म्हणजे आमच्या भाषेत क्रॉसिंग.

आमच्या टेबलावर एक लांबलचक तक्ता असायचा. आता तो संगणकाच्या पडद्यावर असतो, पण चीज तीच. आडवे तास, उभी स्टेशनं. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरपी रेघ. मुंबईहून निघालेली डाउन गाडी एका बाजूला कलते, मुंबईकडे जाणारी अप गाडी उलट्या बाजूला. एकेरी मार्गावर, म्हणजे जाण्यायेण्याला मिळून एकच लाइन असते तिथे, या दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात, नेमकं तिथे स्टेशन असावं लागतं आणि त्या स्टेशनात दुसरी लाइन म्हणजे लूप मोकळी असावी लागते. नसेल तर एका रेघेला आडवं करायचं. तक्त्यावरची ती बोटभर आडवी रेघ म्हणजेच तुम्ही खिडकीशी बसून मोजलेली पाऊण तासाची खोटी. कंट्रोलरचं सगळं कसब कुठली रेघ आडवी करायची आणि किती, यात असतं. कोणाची तरी होणार हे ठरलेलंच.

एक नमुना सांगतो. रत्नागिरीच्या पुढे निवसर, आडवली आणि मग विलवडे. आडवली ते विलवडे हा एक तुकडा धरा आणि गाडीला तो पार करायला 18 मिनिटं लागतात असं समजा. दोन स्टेशनांमधल्या अशा तुकड्याला आम्ही ब्लॉक म्हणतो, आणि साध्या एकेरी मार्गावर एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. रात्री 2 वाजून 10 मिनिटांनी अप गाडी विलवड्याला आली. डाउन गाडी मागे कुठेतरी रखडली होती, ती आडवलीला 2:15 ला पोचणार. आता मी अप सोडली तर डाउन आडवलीला 2:28 नंतर सुटेल. डाउनसाठी अप धरून ठेवली तर ती विलवड्याला 2:33 नंतर हलेल. वर पॉइंट फिरवणं, लाइन क्लिअर म्हणजे पुढच्या स्टेशनाकडून गाडी सोडायची परवानगी घेणं, सिग्नल देणं यांची मिनिटं वेगळी. काहीही करा, एक गाडी पंधरा-वीस मिनिटं बसली. मग ती मागे पडली की तिचं पुढचं क्रॉसिंग बिघडतं, त्यामुळे तिसरी गाडी थांबते, आणि पहाटे सावंतवाडीला चौथीच कोणीतरी शिव्या देत असते.

या ब्लॉकच्या मधोमध वेरवलीचं स्टेशन झालं. आता दोन्ही गाड्या एकाच वेळी सुटतात, अर्ध्या वाटेवर भेटतात, आणि थांबा पाच-सात मिनिटांवर येतो. प्रवाशाला वेरवलीचा प्लॅटफॉर्म अंधारात दिसतसुद्धा नाही, पण माझ्या लेखी या मार्गावरचं खरं आधुनिकीकरण म्हणजे असली स्टेशनं. इंदापूर, गोरेगाव रोड, सापे वामने, कळंबणी बुद्रुक, कडवई, वेरवली, खारेपाटण रोड, आचिर्णे आणि कर्नाटकातली मिरजान, इन्नंजे ही सगळी त्याच कामातली. वंदे भारतचं उद्घाटन टीव्हीवर दिसतं, लूप लाइनचं कोणाला दिसत नाही.

ज्यांना आकड्यांत रस आहे त्यांच्यासाठी. एकेरी मार्गाची क्षमता ठोकताळ्याने काढायचं रेल्वेत जुनं गणित आहे, स्कॉटचं सूत्र म्हणतात त्याला. दिवसाची 1440 मिनिटं घ्यायची. सर्वांत लांबड्या ब्लॉकला लागणाऱ्या मिनिटांत ब्लॉकच्या कामकाजाची साधारण 5 मिनिटं मिळवायची आणि त्या बेरजेने भागायचं. जे येईल त्याचे 70 टक्के धरायचे, कारण दुरुस्ती, उशीर आणि बिघाड यांना जागा ठेवावी लागते. 18 मिनिटांचा ब्लॉक असेल तर दिवसाला, दोन्ही दिशा मिळून, 43 गाड्या. तोच ब्लॉक तोडून 10 मिनिटांचा केला तर 67. यातली मेख अशी की हिशेब सर्वांत लांब ब्लॉकचा होतो. तो तोडला की दुसरा कोणीतरी सर्वांत लांब ठरतो. त्यामुळे एखादंच स्टेशन बांधून फारसा फरक दिसत नाही. ओळीने सगळे लांब ब्लॉक तोडत गेलात तरच दिसतो. याच कारणाने नवी स्टेशनं सुटी सुटी मंजूर न होता एका झपाट्यात उभी राहिली, हे चांगलं झालं.

स्टेशन असून भागत नाही. ज्या स्टेशनात मेन लाइन आणि एकच लूप आहे तिथे मालगाडी बाजूला काढून ठेवली की ते स्टेशन क्रॉसिंगसाठी मेलं. दोन एक्सप्रेस तिथे एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. तिसरी लाइन टाकली की ते स्टेशन पुन्हा जिवंत होतं. नव्या स्टेशनांबरोबर काही जुन्या स्टेशनांत वाढीव लूप टाकल्या गेल्या त्या यासाठी.

मग विजेने काय झालं? खूप झालं, फक्त ते तुमच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत 741 किलोमीटरचं विद्युतीकरण सुमारे 1287 कोटी रुपयांत झालं आणि 20 जून 2022 ला त्याचं लोकार्पण झालं. रत्नागिरी ते थिवी हा शेवटचा तुकडा त्याच वर्षी मार्चमध्ये तपासून झाला होता. डिझेलच्या खर्चात वर्षाला दीडशे कोटींची बचत होईल असं तेव्हा सांगितलं गेलं. थांबून पुन्हा सुटताना विजेचं इंजिन लवकर वेग घेतं, आणि जिथे घडोघडी थांबायचं तिथे हा फायदा खराच आहे. करबुडेचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. डिझेलच्या काळात तो आला की डब्यात कोणीतरी "खिडक्या लावा रे" म्हणून ओरडायचं. बाहेर आल्यावर खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं तर काळं व्हायचं. आत काम करणाऱ्या ट्रॅकमनचं काय होत असेल ते तुम्हीच ठरवा. तो धूर गेला, ही गोष्ट मला दीडशे कोटींहून मोठी वाटते.

नवं दुखणंही आलं. पूर्वी वादळात झाड रुळावर पडलं तर तोडून बाजूला केलं की गाडी चालू. आता ते आधी तारेवर पडतं. तार तुटली की दुरुस्तीची टॉवर वॅगन येईपर्यंत सगळं ठप्प. म्हणून मार्गालगतची झाडं आधीच छाटून ठेवणं हे आता नुसतं बागकाम राहिलेलं नाही.

आता दुहेरीकरण. रोहा ते वीर हे 46.8 किलोमीटर ऑगस्ट 2021 मध्ये दुहेरी झाले. तिथली जमीन त्यातल्या त्यात सरळ होती. वीरच्या पुढे काय आहे ते बघा. हा मार्ग आखताना चढ 150 ला 1 पेक्षा जास्त द्यायचा नाही आणि वळणाची त्रिज्या 1250 मीटरच्या खाली आणायची नाही असं ठरवलं होतं, पुढेमागे ताशी 160 किलोमीटरने गाडी धावू शकेल या हिशेबाने. खंडाळ्याच्या घाटात चढ 37 ला 1 आहे, त्याच्याशी ताडून बघा. चढ नको आणि तीव्र वळण नको म्हटल्यावर डोंगर आला की बोगदा आणि दरी आली की पूल, दुसरा मार्गच नाही. म्हणून नव्वदहून अधिक बोगदे, लहानमोठे मिळून दोन हजारांच्या घरात पूल, आणि रत्नागिरीजवळचा 64 मीटर उंचीचा पानवलचा पूल. 1990 मध्ये महामंडळ स्थापन झालं आणि ई. श्रीधरन यांच्या हाताखाली 26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्गावर गाडी धावू लागली. एवढ्या कामाला सात-आठ वर्षं म्हणजे आजही अचंबा वाटावा असा वेग आहे. पण बोगदे खोदले ते एकाच लाइनचे. दुसरी लाइन टाकायची तर शेजारी, पुरेसं अंतर सोडून, नवा बोगदा. चालत्या गाड्यांच्या बाजूला सुरुंग लावून. पेडण्याच्या बोगद्याने तर पहिल्या खोदाईतच सर्वांना रडवलं होतं. तिथला मऊ, पाणी धरणारा मातीचा थर खोदला तितका आत ढासळायचा. 2020 च्या ऑगस्टमध्ये त्याच बोगद्यातलं अस्तर पडलं आणि गाड्या कित्येक दिवस मिरज-लोंढामार्गे वळवाव्या लागल्या. 2024 च्या जुलैत तिथेच पाणी आणि चिखल आला. त्याच्या शेजारी आणखी एक भोक पाडा असं सांगणं सोपं आहे.

म्हणून अख्खा मार्ग दुहेरी "कधी" होणार याला माझ्याकडे तारीख नाही, आणि कोणी दिली तर मी विश्वास ठेवणार नाही. पण अख्खा करायलाच हवा असंही नाही. दोन मोठ्या बोगद्यांच्या मध्ये जिथे पंधरा-वीस किलोमीटर बरी जमीन आहे तेवढीच दुहेरी करायची. असा तुकडा म्हणजे एक भलीमोठी लूप. त्यावर गाड्या न थांबता, धावता धावता एकमेकींना ओलांडतात. गाडी दहा मिनिटं उशिरा आली तरी क्रॉसिंग तुकड्याच्या या टोकाऐवजी त्या टोकाला होतं, कोणी थांबत नाही. उशीर पोटात घेणारी जागा तयार होते. असे चार-पाच तुकडे योग्य ठिकाणी पडले तर संपूर्ण दुहेरीकरणाचा बराचसा फायदा कमी पैशांत मिळेल, असं माझं तक्त्यासमोर बसून झालेलं मत आहे. इंजिनिअर लोक वाद घालतील, घालू देत.

पैशांचं म्हणाल तर कोकण रेल्वे ही कंपनी आहे. स्थापनेच्या वेळी केंद्राचा वाटा 51 टक्के होता, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15, गोवा आणि केरळचे 6-6. भारतीय रेल्वेच्या झोनला जसा अर्थसंकल्पातून पैसा मिळतो तसा तिला मिळत नाही. मोठं काम काढायचं तर कर्ज उभं करा. तुमच्या तिकिटात त्याची खूण आहे. या मार्गावर भाड्यासाठीचं अंतर खऱ्या अंतरापेक्षा 40 टक्के फुगवून धरतात. पुष्कळांना हे ठाऊकच नसतं, ते तिकिटावरचे किलोमीटर बघून रेल्वेला भूगोल येत नाही असं समजतात. भारतीय रेल्वेत विलीनीकरणाला 2025 मध्ये महाराष्ट्रानेही होकार दिला, कोकण रेल्वे हे नाव राहावं या अटीवर. दुहेरीकरणाचा रस्ता तिथूनच जातो असं मला वाटतं.

आता पाऊस. तुम्ही प्रश्नात तो आणलाच नाहीत, पण त्याला वगळून या मार्गाबद्दल काही बोलता येत नाही. मुंबई-मडगाव वंदे भारत 27 जून 2023 ला सुरू झाली. पावसाळा सोडून उरलेल्या वर्षात ती आठवड्याला सहा दिवस धावते आणि मडगावला पावणेआठ तासांत पोचते. पावसाळ्यात तीच गाडी, तीच तार, तेच रूळ; आठवड्याला तीन दिवस आणि वेळ दहा तास.

कारण डोंगर आहे. कोकणात वर जांभा आणि खाली बहुतेक ठिकाणी चिकणमातीचा थर. जांभा चाळणीसारखा, पाणी झिरपून खालच्या मातीवर येतं आणि ती साबणासारखी होते. वरचा जांभा अख्खा सरकतो. सह्याद्रीच्या बाजूला काळ्या दगडात वेगळाच प्रकार. दगड कांद्यासारखा पापुद्र्यांनी झिजतो आणि मऊ मुरमात गोल धोंडे अडकून राहतात. मुरूम धुपला की धोंडा सुटतो. रूळ टाकायला डोंगर कापलेला असतो, त्या कटिंगमध्ये तो घरंगळत नेमका रुळावर. 22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ कटिंगमधून आलेल्या दगडमातीवर हॉलिडे स्पेशल आदळली आणि 50 हून अधिक माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस. त्या दोन पावसाळ्यांनंतर ही रेल्वे बदलली. कटिंगचे उतार सपाट केले, धोंडे अडवायला जाळ्या बांधल्या, डोंगरात लोखंडी सळया ठोकल्या, कपारींवर सिमेंट फवारलं, डोंगरमाथ्यावर पाणी वळवणारी गटारं काढली. धोंड्यांचं रुळावर येणं यामुळे खूप कमी झालं, आणि ही कामं कोणाच्या भाषणात येत नाहीत.

त्याशिवाय यंत्रं आहेत. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली अशा ठिकाणी पर्जन्यमापक बसवलेत. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पाण्याची पातळी सांगणारी यंत्रणा आहे. पानवल, मांडवी, जुवारी आणि शरावती या पुलांवर वारा मोजतात. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा वाशिष्ठीची पातळी बघूनच गाड्या रोखल्या होत्या. जोराचा पाऊस असून समोरचं दिसत नसेल तर ड्रायव्हरला ताशी 40 किलोमीटरच्या वर जायची परवानगी नाही.

आणि पेट्रोलमन. पावसाळ्यात सहाशेहून अधिक माणसं या मार्गावर गस्त घालतात. रात्री दोन वाजता, डोक्यावर इरलं नाही तर रेनकोट, एका हातात कंदील, खांद्याला पिशवी, पिशवीत हातोडी, लाल झेंडी आणि पत्र्याच्या डबीत फटाके. दिवाळीतले नव्हे, रुळावर बांधायचे. रुळावर दरड दिसली तर लाल दिवा हलवत त्या ठिकाणापासून धावत सुटायचं, 600 मीटरवर एक फटाका रुळावर अडकवायचा, तसंच पुढे जाऊन 1200 मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन. इंजिन त्यावरून गेलं की धडाधड वाजतात आणि ड्रायव्हर ब्रेक मारतो. एकेरी मार्ग, म्हणजे गाडी दोन्हीकडून येऊ शकते. आधी कुठल्या बाजूला धावायचं हे वेळापत्रक पाठ असलेल्यालाच कळतं. मी अशा एका माणसाला विचारलं होतं की भीती वाटते का. तो म्हणाला, "बिबट्याची वाटते साहेब, दरडीची सवय आहे."

या सगळ्याचा क्रॉसिंगशी संबंध आहे. वेग 110 वरून 75 वर आणला की तो 18 मिनिटांचा ब्लॉक सव्वीसच्या वर जातो. वरचं गणित पुन्हा करा: 43 गाड्यांची जागा 32 वर येते. म्हणून पावसाळी वेळापत्रक हे नुसतं उशिराचं वेळापत्रक नसतं, त्यात सगळी क्रॉसिंगं नव्याने मांडलेली असतात. पूर्वी ते 10 जून ते 31 ऑक्टोबर असायचं. 2025 मध्ये 15 जून ते 20 ऑक्टोबर केलं, हीसुद्धा मार्ग सुधारल्याचीच पावती. आणि याच काळात, भर पावसात, गणपती. शेकडो जादा फेऱ्या, सगळ्यांना चतुर्थीच्या आधी पोचायचं. आधीच भरलेल्या तक्त्यात त्या रेघा कोंबायच्या. त्या आठवड्यात तुमची गाडी दोन तास उशिरा असेल तर कंट्रोलरला माफ करा, त्याने दुपारचं जेवण खाल्लेलं नसतं.

पॅसेंजर गाडीला नेहमी बाजूला का काढतात, हाही तुमच्या बोलण्यात रोख होता. खरं आहे. वेगवान गाडी एकेरी मार्गावर फक्त आपली जागा खात नाही. मागून येणाऱ्या जलद गाडीला वाट द्यायला हळू गाडी आधीच्या स्टेशनात धरावी लागते, म्हणजे जलद गाडी दोन-तीन रेघांची जागा खाते. आम्ही ताशी वेगाच्या कौतुकापेक्षा सगळ्या गाड्या साधारण एकाच वेगाने धावलेल्या पसंत करतो. दिवा-सावंतवाडीने जाणारा माणूस वंदे भारतच्या वेळेसाठी आपला वेळ देत असतो, आणि त्याला ते कोणी विचारलेलं नसतं. हे मी खुर्चीत असतानाही पटलं नव्हतं.

राहिला तिकिटाचा मुद्दा. खारेपाटण रोड किंवा आचिर्ण्यासारख्या स्टेशनात तुमची एक्सप्रेस उभी राहते तो तांत्रिक थांबा. वेळापत्रकात तो प्रवाशांसाठी नसतो, कारण तिथे क्रॉसिंग होईलच याची खात्री नाही. समोरची गाडी वेळेवर असली तर तुमची न थांबता निघून जाईल. शिवाय बहुतेक वेळा गाडी लूपवर घेतलेली असते. तिकडे प्लॅटफॉर्म असेलच असं नाही, आणि असला तरी बावीस-चोवीस डबे पुरतील इतका लांब नसतो. लोक खडीत उड्या मारून उतरतात ते बघून आमच्या पोटात गोळा यायचा, कारण दुसरी गाडी शेजारच्या मेन लाइनवरून न थांबता जाणार असते, आणि ती कधी येणार हे उतरणाऱ्याला माहीत नसतं. अधिकृत थांबा हवा असेल तर मागणी थांब्याबरोबर प्लॅटफॉर्मची लांबी वाढवण्याची आणि पादचारी पुलाचीही करा. नुसत्या थांब्याचा अर्ज फाइलीत राहतो. पुलाचा अर्ज निदान इंजिनिअरिंग खात्याच्या टेबलावर जातो आणि तिथून खर्चाचा आकडा घेऊन परत येतो. तो आकडा हातात आला की आमदार-खासदारांकडे जायला काहीतरी असतं.